सुटत नाही, साहेब

शामिरबेक अगायने आयुष्यात कोणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. काराजार गावच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा. जगातल्या झाडून सगळ्या देशांच्या सीमा त्याला तोंडपाठ होत्या, स्वतःची एक साधी सीमा मात्र त्याला कधी आखता आली नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेचा कोळसा उतरवायचाय? अगाय येतील. लोकाच्या मुलीच्या लग्नात कढईखाली जाळ सारत बसायचंय? अगाय आहेत ना. मतमोजणीच्या खोलीत योग्य वेळी डोळा लागेल असा विश्वासू माणूस हवाय? अगायइतकं शांत कोण झोपणार!

आमच्याकडे मास्तरांना अगाय म्हणतात. कानिशाय, म्हणजे त्याची बायको, घरातही त्याला अगायच म्हणायची, पण तिच्या तोंडी त्या शब्दाला कुठूनतरी काटा फुटायचा.

अशा या माणसाच्या अंगात पहिलं बंड झालं ते डाव्या पोटरीत. बटाटे काढून झाले होते, डोंगरावर पहिलं बर्फ दिसायला लागलं होतं. लोकरीच्या नमद्यावर पाय पसरून तो चहा पीत बसला होता. कानिशायने किटली खाली ठेवली आणि वाकून बघितलं.

"अहो अगाय, तुमच्या पायात काहीतरी वळवळतंय."

"दमलोय गं. दिवसभर फावडं मारलं."

"तुम्ही दमलात हे दिसतंय. मग तो कसा नाही दमला?"

पोटरीच्या कातडीखाली बारीक लाटा उठत होत्या, विरत होत्या, पुन्हा उठत होत्या, पोत्यात गांडुळं भरून तोंड शिवल्यासारख्या. पाय हलवला तरी तेच, थांबवला तरी तेच. काही दिवसांत उजवी पोटरी सामील झाली, मग मांड्या, मग खांदे. झोपेतसुद्धा अंगाची वळवळ चालूच. बाहेर बादलीतलं पाणी गोठलेलं असायचं आणि अगायचा सदरा घामाने पिळून काढावा असा ओला. खुर्चीतून उठून चालायला लागला की पहिली पावलं लाकडाची. आणि हिवाळा भरात आला तेव्हा हाताने असहकार पुकारला. खडू धरला की सुटेना. बादलीची कडी धरली की मूठ मिटलेली ती मिटलेलीच, दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडावं लागे. वर्गात मुलांना वाटलं, अगाय खडू रोखून बघतायत म्हणजे कोणाची तरी धडगत नाही. त्या हिवाळ्यात त्याच्या तासाला इतकी शांतता होती की शेजारच्या वर्गातली बाई जळायला लागली.

उपचार झाले नाहीत असं नाही. आमच्या गावात आजाऱ्याला औषध मिळायला वेळ लागेल, पण निदान दारात उभंच असतं. आरोग्य केंद्रातल्या तुर्सुनाय नर्सने त्याचा पाय दाबून बघितला आणि एका क्षणात सांगितलं, "क्षार साचलेत." काराजारमध्ये ज्याला जे काही झालं ते क्षार साचूनच झालं होतं, त्यामुळे अगायलाही बरं वाटलं, आपण चारचौघांसारखेच आहोत. तिने सांगितल्याप्रमाणे कानिशायने कोबीच्या पानाला मध लावून त्याच्या पोटऱ्यांना बांधलं. गांडुळांना मध मानवला. ती जास्तच नाचायला लागली.

मेहुण्याने सांगितलं, दारू सोड. अगाय पीत नाही हे आठवल्यावर तो म्हणाला, मग सुरू कर.

मुल्लांनी येऊन फुंकर घातली. शेवटी तो जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे गेला. त्या डॉक्टरांकडे माणूस खोकत गेला तरी मणक्याची झीज घेऊन परत येत असे. अगाय ओळीत उभा राहिला, आत गेला, सदरा काढला, सदरा घातला, आणि मणक्याची झीज घेऊन बाहेर आला.

"मणका तर पाठीत असतो," कानिशाय म्हणाली. "मूठ का उघडत नाही?"

"डॉक्टरांना विचारलं नाही."

"का?"

"ते घाईत होते गं."

 त्या दिवशीच्या सगळ्या भांड्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

वसंतात आकिमसाहेब येणार असं ठरलं. आकिम म्हणजे आमच्या जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, वरून नेमलेला, त्यामुळे नजरही कायम वरच. आमचे आकिम दोरोनबेक शार्शेनोविच शाळेच्या नव्या शौचालयांचं उद्घाटन करणार होते. शौचालयं खरोखर देखणी होती. वेगळ्या नव्या इमारतीत, उबदार, भिंतींना निळ्या फरशा, प्रत्येक बेसिनवर आरसा. पाण्याची सोय तेवढी नव्हती. नळ होते, नळाच्या मागची नळी भिंतीतून बाहेर पडून अंगणात दोन पावलं चालत गेली होती आणि तिथे तिला काय वाटलं कोण जाणे, थांबली होती. म्हणून इमारतीला कुलूप होतं आणि मुलं संपूर्ण हिवाळा बर्फ तुडवत मैदानापलीकडच्या खड्ड्यावर जात होती. पण उद्घाटनाला पाणी लागत नाही. फीत लागते आणि कात्री लागते.

मुख्याध्यापिका बुरुलचा एजेंनी पहिल्या रांगेत अगायला उभं केलं. बुरुलचा हे त्यांचं नाव, एजे म्हणजे थोरली बहीण, पण या बहिणीने धाक दाखवला नाही असा माणूस गावात नव्हता.

"शामिरबेक, साहेबांशी हात मिळवायचा, हसायचं, आणि काही बोलायचं नाही. तुला जमेल. तुलाच जमेल."

"एजे, माझा हात जरा..."

"तुझा हात स्वच्छ आहे, मी बघितलाय."

साहेबांनी भाषण केलं. स्वच्छता, भावी पिढी, नवं युग. डोंगरावरून वारा सुटला होता, पालक गाठोड्यासारखे एकमेकांना चिकटून उभे होते, अगायने स्वागताच्या फलकाचा दांडा धरून ठेवला होता. भाषण संपेपर्यंत त्याचे दंड आणि जबडा दोन्ही आखडले होते. कोणीतरी त्याच्या हातातून दांडा ओढून घेतला, बोटं कशीबशी सैल झाली, आणि समोर आकिमसाहेबांचा हात आला, मऊ, उबदार, कॅमेऱ्याकडे तोंड केलेला.

अगायने तो धरला. हसला. आणि मूठ मिटली.

पहिल्यांदा साहेबांना बरं वाटलं. सामान्य माणसाचं प्रेम असंच घट्ट असतं. त्यांनी दुसरा हातही वर ठेवला, कॅमेरामनला नीट घेता यावं म्हणून मान वळवली. मग त्यांनी हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. हात आला, पण त्याच्याबरोबर अगायही आला.

"बरंय, अगाय," साहेब हसत म्हणाले.

"हो साहेब."

"भेटू मग."

"हो साहेब."

दोघेही हसत होते. एकाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, गालाचे स्नायू उडत होते, दातांवर दात घट्ट बसले होते. दुरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता चावतो.

साहेबांचा सचिव एसेनतुर पुढे सरकला. चकचकीत बुटांचा, कायम कानाशी लागून बोलणारा तरणा गडी. "सोडा," तो अगायच्या कानात म्हणाला.

"सुटत नाही," अगाय दात मिटूनच म्हणाला. जबडा उघडत नव्हता, त्याला तो तरी काय करणार!

पण बुरुलचा एजेंनी लावलेला ध्वनिवर्धक अजून चालू होता. गर्दीला ऐकू आलं ते असं की सोडत नाही. शामिरबेक अगाय, ज्याने कधी मेंढीलाही हाट् म्हटलं नाही, तो आकिमच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणतोय, सोडत नाही!

"सोडा म्हणतो ना! सोडा!" एसेनतुर ओरडला.

"पाणी सोडा आधी!" मागून एका बाईचा आवाज आला. "मग हात सोडू!"

तेवढ्याचीच वाट बघत असल्यासारखी गर्दी उसळली. पाणी! पाणी! मोबाइल वर झाले. जे पालक भाषणभर थंडीने कुडकुडत होते ते घाम येईपर्यंत ओरडायला लागले. अगाय घाबरून हात सोडवायचा जितका जोर लावत होता तितकी मूठ आवळत होती, आणि साहेबांच्या बोटांची टोकं आता निळ्या फरशांशी जुळायला लागली होती.

"येईल! पाणी येईल!" दोरोनबेक शार्शेनोविच कळवळून म्हणाले. "आठवड्याच्या आत! मी शब्द देतो!"

आणि काय योगायोग बघा, आखडलेले स्नायू आपापल्या सवडीने सैल झाले ते तेव्हाच. करंगळी उघडली, मग एकेक बोट. गर्दीने जो जल्लोष केला तो मैदानापलीकडच्या खड्ड्यापर्यंत ऐकू गेला असेल.

दुसऱ्या दिवसापासून अगाय मोठा माणूस झाला. चित्रफीत जिल्हाभर फिरली. रस्त्यात भेटेल तो हात पुढे करायचा, आणि मूठ मिटायची ती मिटायचीच. पण आता कोणी तक्रार करत नव्हतं. "मलाही धरून ठेवलं!" लोक लाल झालेली बोटं घरी नेऊन दाखवायचे. मागच्या निवडणुकीत आपटलेले काचकिनबाय गाडी घेऊन दारात आले. "अगाय, ही मूठ तुमची राहिली नाही, ही जनतेची आहे," ते म्हणाले.

"घेऊन जा मग," कानिशाय आतून म्हणाली. "आमच्या काही उपयोगाची नाही. रात्रंदिवस घाम गाळते."

अगाय सगळ्यांना सांगत होता, मी आजारी आहे हो. लोक डोळे मिचकावायचे. "हुशार आहात! आजारच म्हणा. आजाराला कोण अटक करणार?" तो जितका खरं बोलला तितका धूर्त ठरला.

आठवड्यात पाणी आलं नाही. एसेनतुरचं बोलावणं मात्र आलं.

"कोण आहे तुमच्या मागे?" कचेरीत त्याने विचारलं.

अगायने मान वळवून बघितलं. "भिंत आहे."

"चेष्टा करताय?"

"नाही हो, मला येत नाही चेष्टा. माझी बायको करते." आणि मग त्याने पोटरीवरचा पायमोजा खाली केला, लाटा दाखवल्या, टेबलावरचा कागद दाबायचा दगड उचलून मूठ मिटून दाखवली आणि ती कशी उघडत नाही हेही दाखवलं. दगड परत ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

एसेनतुरच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "आजार! अहो, मग आधी बोलायचं नाही का! आजार म्हणजे तर फारच उत्तम!"

कोणाला आपल्या आजाराचा इतका आनंद झालेला अगायने पहिल्यांदाच बघितला. त्याला भरून आलं.

आता कचेरीला आजाराचा दाखला हवा होता. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तो लगेच दिला, मणक्याची झीज. एसेनतुरने तो वाचून बाजूला टाकला. "मणक्याची झीज मलाही आहे. मी कोणाचा हात धरून बसतो का?" शेवटी सरकारी गाडी आली आणि नवराबायकोला राजधानीत, बिश्केकच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. इतके महिने जो आजार गावातल्या कोणाला खरा वाटला नव्हता, तो आता सरकारला तातडीने खरा हवा होता.

तिथल्या मज्जातंतूंच्या डॉक्टर नेल्ली त्सोय. ठेंगण्या, चष्मा कपाळावर ढकललेल्या, बोलताना शब्द मोजून खर्च करणाऱ्या. त्यांनी पोटरीकडे बघितलं आणि मणक्याचं नावही काढलं नाही. अगायला झोपवून त्याच्या दंडात एक बारीक सुई टोचली. सुईची तार एका यंत्राला जोडली होती.

"अंग सैल सोडा. काही करू नका."

अगायने काही केलं नाही. त्याचा त्यात हातखंडा होता. आणि यंत्रातून पत्र्यावर गारांचा मारा सुरू झाला. तडतड तडतड, मध्ये श्वास घेतल्यासारखी खाच, पुन्हा तडतड.

"हे काय वाजतंय?" कानिशायने विचारलं.

"हे," डॉक्टर म्हणाल्या. अगायकडे बोट दाखवलं.

"पण हे तर गप्प पडलेत!"

"हे गप्प आहेत. यांच्या नसा गप्प नाहीत."

अगाय छताकडे बघत ऐकत होता. इतके महिने तो जे अंगात सोसत होता, ते पहिल्यांदा अंगाबाहेर आलं होतं, कोणालाही ऐकू येईल असं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने घाम पुसायच्या निमित्ताने ते पुसलं.

मग डॉक्टर त्सोय यांनी समजावून सांगितलं. नसेत वीज असते, पण तारेतल्यासारखी सरळ वाहत नाही. नसेच्या सालीला बारीक बारीक दारं असतात. एका प्रकारची दारं उघडली की सोडियम आत घुसतं आणि नस पेटते, निरोप पुढे उड्या मारत जातो. लगेच दुसऱ्या प्रकारची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, आणि नस विझते. निरोप पोचला, गप्प बस, असं. ही दुसरी दारं जागच्या जागी धरून ठेवायला एक प्रथिन असतं, दाराची चौकट समजा. अगायच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे बाहेरचा जंतू आला तर त्याला धरायला शरीराने जे शिपाई पाळलेले असतात तेच, त्या चौकटीवर जाऊन बसली होती. चौकट ढिली झाली, दारं विखुरली, नसेला गप्प करणारं कोणी उरलं नाही. एक निरोप द्यायचा तिथे ती तोच निरोप पुन्हा पुन्हा देत राहिली. आवळ म्हटलं की आवळ, आवळ, आवळ.

"म्हणजे गडी एकदा बोलायला लागला की थांबतच नाही," कानिशाय म्हणाली. "आमचे आकिमसाहेब असेच आहेत. त्यांच्यावरही उपचार होतो का?"

डॉक्टर त्सोय यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. त्या सरकारी नोकरीत होत्या. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"पण शिपाई आपल्याच दारावर का धावून गेले?" अगायने विचारलं.

"माहीत नाही. त्यांना वाटतं, ते शत्रूलाच धरतायत."

"मी कधी कोणाशी भांडलो नाही हो."

"ते तुम्ही. तुमच्या रक्ताने तुम्हाला विचारलेलं नाही."

रक्ताचा नमुना परदेशी प्रयोगशाळेत गेला. छातीचे फोटो काढले, कारण या आजाराच्या मागे कधीकधी छातीत गाठ दडलेली असते. गाठ नव्हती. नस जरा उशिरा पेटावी म्हणून फेफऱ्यावरची गोळी सुरू झाली. आणि दिवसाआड त्याला एका यंत्राशेजारी झोपवायचे. अंगातलं रक्त नळीने बाहेर यायचं, ज्या पिवळ्या पाण्यात ती प्रतिपिंडं पोहत होती ते वेगळं काढलं जायचं, आणि तांबडं रक्त नव्या पाण्यात घालून परत अंगात. पिशवीत साठलेल्या त्या पिवळ्या पाण्याकडे अगाय बघत बसायचा. इतकं नितळ, इतकं निरुपद्रवी दिसत होतं ते.

एके सकाळी जाग आली तेव्हा पोटऱ्या शांत होत्या. खोलीतून कोणीतरी उठून गेल्यावर वाटतं तसं त्याला वाटलं. त्याने पियाला उचलला, चहा प्यायला, आणि पियाला खाली ठेवला. एवढंच. मग पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला.

"चहा संपला हो त्यातला," कानिशाय म्हणाली. आणि मग काय झालंय ते तिला समजलं, आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

प्रयोगशाळेचा निकालही आला. चौकटीवरची प्रतिपिंडं सापडली होती. डॉक्टरांनी दाखला लिहिला, आणि दाखल्याच्या पाठोपाठ एसेनतुर आला, कॅमेरामन आणि सफरचंदांची टोपली घेऊन. खाटेजवळ खुर्ची मांडली. अगायला उशीला टेकवून, जरा आजारी दिसेल पण फार नाही, असं बसवलं आणि हातात कागद दिला.

"फक्त वाचायचं. तुम्हाला जमेल."

अगायने वाचायला सुरुवात केली. "त्या दिवशी माझा हात सुटला नाही तो आजारामुळे. माझ्या मज्जातंतूंचा विकार सिद्ध झाला आहे. आकिमसाहेबांना जो त्रास झाला त्याबद्दल मला खेद वाटतो." इथपर्यंत सगळं बरोबर होतं. खेद तर त्याला खरोखर वाटत होता. पुढे लिहिलं होतं, शाळेतल्या सोयींबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि कधीही नव्हती.

तो थांबला.

"वाचा ना," एसेनतुर म्हणाला.

"हे पुढचं खरं नाही."

"अहो, एकच वाक्य आहे."

"हो. पण नाही वाचत."

 स्वतः अगायच दचकला होता. नाही हा शब्द आपल्या तोंडातून निघतो आणि तरी छत जागच्या जागी राहतं, हे त्याला नवीन होतं.  हात मात्र उघडे, मांडीवर सैल पडलेले.

"अगाय, तुम्ही आजारी आहात," एसेनतुर हळूच म्हणाला.

"हात आजारी होता. ते मी वाचलं. पण शौचालयात पाणी नाही ते काही माझ्या रक्तामुळे नाही. मुलं बर्फातून जातात, मी रोज वर्गाच्या खिडकीतून बघतो." त्याने कागद घडी करून परत दिला. "हेही घ्या कॅमेऱ्यात. दोन्ही खरं आहे."

कानिशाय दारापाशी किटली घेऊन उभी होती. बोलायला तिला एवढी सुरेख जागा कधी मिळाली नव्हती, आणि तिला एक शब्द सुचला नाही.

त्या संध्याकाळी जिल्ह्याच्या वाहिनीवर अगाय दिसला. आजारामुळे, विकार सिद्ध, खेद वाटतो. मग सफरचंदं. मग हवामान. पुढच्या आठवड्यात कचेरीने खुलासाही काढला की रुग्णाला धीर देण्यासाठी वैद्यकीय आणीबाणीत उच्चारलेले उद्गार हे प्रशासकीय आश्वासन मानता येत नाही. दोरोनबेक शार्शेनोविच यांनी एका आजाऱ्याला किती माणुसकीने सांभाळून घेतलं, यावर एक लेखही छापून आला.

अगाय गावी परतला तेव्हा त्याचा हात ठणठणीत होता आणि तो धरायला कोणी नव्हतं. लोक लांबूनच मान हलवायचे. "विकला गेला," काचकिनबाय चौकात म्हणाले. "किती सफरचंदांना, तेवढं विचारा." ज्यांची बोटं लाल झाली होती ते ती गोष्ट आता सांगत नव्हते. आजाऱ्याने धरलं, त्यात कसली फुशारकी? तो खरोखर आजारी होता, याबद्दल गावाने त्याला माफ केलं नाही.

"पण मी बोललो होतो," एकदा अगाय शेजाऱ्याला म्हणाला. "त्यांनी कापलं ते."

"हो हो," शेजारी म्हणाला आणि डोळा मिचकावला.

आनंद झाला तो दोघींना. बुरुलचा एजेंनी त्याला फलक टांगायच्या कामावर परत घेतलं, पण पहिल्याच दिवशी अगाय म्हणाला, "आज नाही, एजे, दंड थकलेत," आणि एजे इतक्या चकित झाल्या की स्वतःच शिडीवर चढल्या. आणि तुर्सुनाय नर्सने दवाखान्याचा कागद मागून घेऊन वाचला, पोटॅशियम या शब्दावर बोट ठेवलं, आणि ओळीत बसलेल्या सगळ्यांना दाखवलं. "हा क्षारच ना? मी काय सांगत होते!"

पाणी आलं शरदात, मतदानाच्या तोंडावर. अंगणात थांबलेली नळी एका सकाळी अचानक पुढे चालायला लागली आणि चार माणसांनी संध्याकाळपर्यंत तिला मुख्य जलवाहिनीला नेऊन भिडवलं. इतकं सोपं होतं ते. आकिमसाहेब आले, नळ सोडला, भाषण केलं. हात त्यांनी कोणाशीच मिळवला नाही, छातीवर ठेवून सगळ्यांना एकदमच नमस्कार केला. अगाय वर्गात होता. त्याने तास सोडला नाही.

दुपारी शाळेच्या सभागृहात मेजवानी होती, मेंढी कापली होती. आमच्याकडे कोणाची किती किंमत आहे ते पानात पडलेल्या हाडावरून कळतं. वसंतात, त्याची मूठ जनतेची होती तेव्हा, प्रत्येक घरी त्याच्यापुढे जांबाश आलं होतं, मांडीवरचं मानाचं हाड. आज वाढप्याने त्याच्यापुढे एक मणका ठेवला आणि नजर चुकवून पुढे गेला.

"मणकाच!" कानिशाय म्हणाली. "जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं."

अगाय हसला. बऱ्याच दिवसांनी, जबड्याचा कुठलाही स्नायू न अडता. सभागृहाच्या त्या टोकाला साहेबांच्या नावाने पियाले वर होत होते. दाराबाहेर मुलींची एक टोळी नव्या इमारतीतून ओले हात झटकत, एकमेकींवर पाणी उडवत धावत गेली.

"त्या दिवशी रुग्णालयात," कानिशाय म्हणाली, पुढे काय बोलावं हे तिला अजूनही सुचत नव्हतं. तिने स्वतःच्या ताटातलं मांस सुरीने सोडवलं आणि त्याच्या ताटात सारलं. "खा. गोळी घ्यायचीय अजून. डॉक्टरबाईंनी उपाशीपोटी घेऊ नका म्हणून सांगितलंय."

"तुला नको?"

"तुम्हाला नाही म्हणता यायला लागलं म्हणून प्रत्येक ठिकाणी म्हणायलाच हवं असं नाही, अगाय. खा गुपचूप."